रिकाम्या वर्गातली वर्तुळं

मित्रांनो, भूमितीच्या बाई पर्यवेक्षक झाल्या, तर त्यांना स्वतंत्र खोली मिळणार होती, शिकवायचे तास निम्मे होणार होते, आणि 'अहो बाई, जरा इकडे या'च्या जागी 'मॅडम, वेळ आहे का?' ऐकायला मिळणार होतं. मला मात्र कपाटावरची धूळच मिळणार होती. तरीही मी त्यांच्याच बाजूचा होतो.

मी एक जुना लाकडी कंपास आहे. तुमच्या पेटीतल्या कर्कटकाचा मी थोरला भाऊ. शाळेच्या सुताराने मोडक्या बाकाच्या फळीतून मला घडवलं. माझ्या एका पायाला खिळा, दुसऱ्याला खडू. खिळा फळ्यावर टेकवून बाई हात फिरवत आणि वर्तुळ जिथून निघालं तिथेच येऊन मिळे. पुढे भिंतीवर पडदा आला, बोट लावलं की वर्तुळ हजर. माझी रवानगी जुन्या वर्गातल्या कपाटावर झाली.

पण बाई मला विसरल्या नाहीत. शाळा सुटली की भूमितीत कच्च्या मुलांना त्या जुन्या वर्गात थांबवून घेत आणि मला खाली काढत. एकेक प्रमेय चार-चारदा सांगत. हे कुणाच्या नजरेत भरलं नाही. नजरेत भरलं ते त्यांचं अक्षर. मुख्याध्यापक दारातूनच म्हणत, "बाई, मोती आहेत मोती. पाहुण्यांच्या स्वागताचा फलक तुमच्याकडेच हं." कौतुकाच्या पोटात काम दडवून द्यायची कला त्यांना चांगली साधली होती.

पद मिळालं दुसऱ्यालाच. मुलं त्या सरांना होयबा सर म्हणत; मुख्याध्यापकांनी शिंकायच्या आत ते रुमाल पुढे करत. एका संध्याकाळी जुन्या वर्गाच्या दारात बाईंनी कारण विचारलं, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही सभांना दिसत नाही, बाई. शाळा सुटली की कुठे गायब होता?"

बाईंनी समोरच्या बाकांकडे पाहिलं. मुलं वह्या उघडून बसली होती.

"इथेच असते," त्या म्हणाल्या.

"अहो, पण दिसायला नको का?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी दाराला आतून कडी लावली. मला घेतलं आणि वर्तुळात वर्तुळ, त्यात पाकळ्या, पाकळ्यांत पुन्हा वर्तुळं काढत राहिल्या. ना प्रमेय, ना परीक्षा. त्या चक्क गुणगुणत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना प्रथमच स्वतःसाठी खडू झिजवताना पाहिलं, आणि खरं सांगतो, माझ्याही जुन्या सांध्यात जान आली. मग त्यांनी सगळं पुसलं. कुणाला दाखवायचंच नव्हतं.

दारावर टकटक झाली. मागच्या बाकावरच्या दोघी होत्या.

"बाई, आज शिकवणार ना?"

"आता आपापलं बघा, बाळांनो."

"आमचं काही चुकलं का?"

बाईंचा हात कडीपर्यंत गेला आणि माघारी आला. त्यानंतर रोजच ती कडी आतून लागू लागली.

मित्रांनो, लाकडाला तेल लागतं, माणसाला एक बरा शब्द. तो वेळेवर द्या; वाळल्यावर दोन्ही तडकतात. होयबा सरांना खुर्ची मिळाली, मुख्याध्यापकांना रुमाल, बाईंना त्यांचा आनंद, आणि मला काम. त्या दोघी त्या वर्षी भूमितीत नापास झाल्या. घरचे म्हणाले, पोरींना डोकंच नाही.

पोरींनी ते खरं मानलं.