कडू पेला आणि इंग्रजी तबकडी

मित्रांनो, माझ्यावर आज बोटभर धूळ आहे. मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, आणि ऐन उमेदीत मी फार संशयी होतो.

माझी पहिली वर्षं अंबाल्याच्या छावणीत एका साहेबाकडे गेली. साहेबाची बदली झाली तेव्हा तोफखान्यातल्या कृष्णात पाटलांनी मला घेतले आणि निवृत्त होताना शिराळ्याजवळच्या आपल्या गावी आणले. सोबत एकच तबकडी होती. लांब केसांच्या चार इंग्रज पोरांनी गिटार आणि ढोल बडवून काढलेली. ती लागली की गोठ्यातली म्हैस दाव्याला हिसके द्यायची.

साल पंचाहत्तर असेल. कृष्णातराव मागच्या खोलीत जव भिजवू लागले. मोड आले की वाळवायचे, भाजायचे, उकळायचे. कडवटपणासाठी त्यात काडेचिराईत टाकायचे आणि ती घरची बियर बाटल्यांत भरून माझ्या शेजारी ठेवायचे. बाटल्या आतून सारख्या बुडबुडत. एखादी फुटली तर आपली मोटर जळणार, या भीतीने मी त्यांच्यावर नजर ठेवून असे.

दर रविवारी दुपारी सांगलीहून, विश्रामबागेतून, नाथाजी कांबळे एसटीने यायचे. फौजेत दोघे एकाच तोफेवर होते. खोलीची कडी लागे, तबकडी फिरू लागे आणि नाथाजी घोट घेत बसत. पण गाण्याबद्दल चकार शब्द नाही! एकदा सुई अडकून एकच ओळ दहादा वाजली, तरी त्यांच्या कपाळावर आठी उमटली नाही. हा माणूस फुकटच्या बियरसाठीच येतो, अशी माझी खात्री झाली.

कृष्णातरावांच्या पत्नी विजयमालाबाईंचा संशय वेगळाच होता. त्या इंग्रज गायकाचा आवाज फार उंच चढायचा.

"आत कोन बाई गाती?" त्या दाराबाहेरून विचारत. "आवं, मी काय खुळी हाय व्हय?"

"रेकॉर्ड हाय गं ती," एवढेच उत्तर मिळे.

शेवटी एका रविवारी त्या पोलीस पाटील दादासोंनाच घेऊन आल्या. दादासोंनी दारावर थाप मारली.

"कृष्णात, दार उघड रं! हातभट्टी लावलीस म्हून गावात लय बोभाटा झालाय."

कडी निघाली. आत बाई नव्हती. नाथाजी डोळे मिटून बसले होते. त्यांचा एक तळवा माझ्या लाकडी पेटीवर होता, दुसऱ्या हातात पेला. कोण आले याचा त्यांना पत्ताही नव्हता.

"एकाहत्तरला तोफेजवळ दोन्ही कान गेलं त्याचं," कृष्णातराव म्हणाले. "ही तबकडी त्याचीच. कान हुतं तवा छावणीच्या क्यांटीनमधल्या मशीनवर रोज ऐकायचा. आता हाताला थरथर कळती, सूर कळत न्हाई. म्हून संथ गाण्याला फिकी बियर देतो, ढोलाला काळी, कडू. जिभंला तरी फरक कळंल."

मी शरमलो. इतके रविवार तो तळवा माझ्यावर होता, आणि मी मात्र बाटल्याच बघत राहिलो होतो.

विजयमालाबाई उंबऱ्यावरच खाली बसल्या. दादासोंनी टोपी काढली.

"ही बाजू संपू दे," ते म्हणाले.

बाजू संपली. मग त्यांनी एकेक बाटली उचलून मोरीत ओतली. "कायदा हाय, गड्या. माजा विलाज न्हाई."

नाथाजींनी डोळे उघडले. रिकाम्या बाटल्या पाहिल्या, पिशवी उचलली आणि निघाले. ते पुन्हा येतील असे मला वाटले नव्हते.

पण पुढच्या रविवारी ते आले; विजयमालाबाईंनी स्वतः एसटीच्या थांब्यावर जाऊन त्यांना आणले. माझ्यापुढे त्यांनी दोन तांबे मांडले. एकात गोड ताक, दुसऱ्यात लसूण आणि हिरव्या मिरचीचे झणझणीत. तबकडी लागली. ढोल सुरू होताच त्यांनी दुसऱ्या तांब्यातले ताक पेल्यात ओतून नाथाजींच्या हाती दिले. नाथाजींना ठसका लागला, नाकाडोळ्यांतून पाणी आले.

"आरं, हे तर त्या काळ्या बियरपेक्षा जोरात वाजतंय!" ते ओरडले.

मित्रांनो, आता माझी सुई झिजली आहे, पट्टाही तुटला आहे. तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी पडून असेल, तर भंगारात घालण्याआधी एकदा पुसून बघा. आणि बंद दाराआड काय चाललेय असा संशय आलाच, तर नुसते बाहेर उभे राहू नका. आत जा, आणि बसा थोडा वेळ.