सिरीजचा दिवा

"एक हात खिशात," दादा म्हणाला.

जीभ जड झाल्यापासून त्याचे शब्द एकमेकांत मिसळतात, पण हे मला नीट कळलं. मी डावा हात पायजम्याच्या खिशात घातला. व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांच्या यंत्रात जबर वीज असते. दोन्ही हात आत घातले तर ती छातीतून आरपार जाऊ शकते, म्हणून या कामातली माणसं एक हात खिशात ठेवतात. दादाच्या यंत्रदुरुस्तीच्या दुकानात बसून बसून एवढं मला माहीत झालं होतं. बाकी माझा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला. चुका शोधायची सवय खरी, पण कागदावरच्या चुकीला हात लावून कोणी मेल्याचं ऐकलेलं नाही.

"यांचा तर आता कायमचाच खिशात," दारातून वहिनी म्हणाली.

दादा हसला, तोंडाच्या डाव्या बाजूने. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता.

टेबलावर अ‍ॅम्प्लिफायर उलटा ठेवला होता. मुलीच्या गिटारसाठी दादाने तो घरीच बांधला होता. पत्रा कापण्यापासून ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळण्यापर्यंत सगळं त्याच्या हातचं. गुंडाळताना तो वेढे पुटपुटत मोजायचा. मध्येच वहिनीने हाक मारली की मोजणी चुकायची आणि घरात भांडण. तो आजारी पडल्यापासून यंत्र झाकून ठेवलेलं होतं. काल लावून पाहिलं तर फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही गेला. आणि आज संध्याकाळी मुलगी गिटार घेऊन येणार होती. इस्पितळातून आल्यापासून दादाने मागितलं ते एवढंच, तिने यावं आणि यावर वाजवावं.

सारखे फ्यूज जळायला नकोत म्हणून त्याच्या सांगण्यावरून मी वायरीच्या मध्ये एक साधा बल्ब जोडला होता. त्याला सिरीजचा दिवा म्हणतात. आत कुठे शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटतो, शॉर्ट दूर झाला की मंद होतो. म्हणजे उजेड वाईट.

मी बटण दाबलं. लख्ख.

"व्हॉल्व्ह... काढ."

प्लग उपसला, साठलेली वीज काढून टाकली, व्हॉल्व्ह एकेक करून फडक्यावर निजवले. पुन्हा बटण. लख्खच.

"जपून हं भावजी," आतून वहिनी ओरडली. "एक आजारी पुरे आहे मला!"

मग तारा सोडवायला घेतल्या. जोडावरचं शिशाचं झाळण तापवून वितळवायचं. बोट भाजलं, मी ते दादाला दिसू दिलं नाही. एक तार सोडवायची, बटण दाबायचं, उजेड बघायचा. दर वेळी वाटायचं, माझंच काहीतरी उलटं जोडलं गेलंय. म्हणून पुन्हा पहिल्यापासून बघायचो. दादा खुर्चीत पुढे झुकून बल्बकडे बघत होता, निकालाकडे बघावं तसा.

शेवटी ट्रान्सफॉर्मर तेवढा उरला. त्यातून निघणाऱ्या तारांची टोकं मी एकमेकांपासून लांब वाकवली. कुठे काही टेकत नव्हतं.

बटण दाबलं. भिंत उजळली.

"माझंच चुकलं असेल रे," मी म्हणालो.

"नाही." त्याने डोळे मिटले. "आत... वेढ्यांत."

"मग नवी तार भरून घेऊ. करत असेल की कोणीतरी."

"कोण?"

 तार भरून देणारं आमच्याकडचं शेवटचं दुकान त्याचंच होतं. त्याचा डावा हात उचलला गेला, हवेत गोल फिरला, एकदा, दोनदा, आणि उजव्या हातावर जाऊन थांबला.

तेवढ्यात वहिनी हात पुसत आली आणि दारातच थबकली.

"अगं बाई! लागला की!" तिला बल्ब म्हणजे बल्ब, पेटला की झालं. "मी म्हणत होते ना, भावजी करतील म्हणून! उगीच मेला जीव टांगणीला. कळवू तिला?"

मी तोंड उघडलं. दादाने माझं मनगट धरलं.

"कळव," तो म्हणाला.

ती जवळजवळ धावतच आत गेली. तिचा फोनवरचा आवाज ऐकू येऊ लागला, कितीतरी दिवसांनी मोकळा. "अगं, काकांनी केला दुरुस्त! हो, आत्ताच! बाबा बसलेत ना, बघतायत टक लावून."

ट्रान्सफॉर्मर घुमायला लागला होता. दादाने त्यावर डावा तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. खोलीत जळक्या वार्निशचा वास येऊ लागला.

"बंद करू?" मी बटणाकडे हात नेला.

त्याने नकारार्थी मान हलवली.

"ती बोलतेय..." शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. "तोवर राहू दे."