कोटाला काम मिळालं

माझ्या वडिलांच्या कोटाला लंडनमध्ये मालिकेतल्या वेशभूषेचं बक्षीस मिळालं. आता हे वाक्य विसरा, कारण आमच्या घरात ते मिळालेलं नाही. त्या संध्याकाळी आमचा टीव्ही बंद होता, दुसऱ्या दिवशीचा पेपर आलाच नाही, आणि अभिनंदनाचा फोन आला की आई "राँग नंबर" म्हणून ठेवून देते. तेव्हा बक्षीसबिक्षीस काही नाही. कोट आहे, एवढंच.

आम्ही शेफील्डचे. इथे पूर्वी पोलाद व्हायचं. मग ते बंद पडलं, आणि ते बंद पडल्याबद्दलच्या मालिका व्हायला लागल्या. नव्वदनंतर तर अशी वेळ आली की भट्टीवर कधी नव्हती एवढी माणसं, भट्टी बंद झाल्याचं दुःख शूट करायला लंडनहून येत होती. प्रत्येक मालिकेत पाऊस. नसेल तर टँकर. एकदा जूनच्या लख्ख उन्हात त्यांनी आमच्या गल्लीत दिवसभर पाऊस पाडला. आईचं वाळलेलं धुणं भिजलं. ती ते काढायला गेली तर तिला विनंती केली की राहू द्या, ओलं धुणं फार उदास दिसतं.

माझे वडील भीमराव साठच्या दशकात औरंगाबादकडून इथे आले आणि कारखान्याला कुलूप लागेपर्यंत भट्टीवरच होते. नंतर एका शाळेत केअरटेकर झाले. प्रत्येक मालिका ते शेवटपर्यंत बघायचे, क्रेडिट्स संपेपर्यंत, आणि मग म्हणायचे, "यात आपला एक पण नाही." बेकार झालेले, दारू पिणारे, बायकोवर ओरडणारे, नदीकडे बघत बसणारे, सगळे होते. बाबांना त्यातलं काहीही चाललं असतं. नदीकडे बघायची तर त्यांची घरी प्रॅक्टिसही झाली होती.

"आम्ही काय तिथं चहा प्यायला जात होतो का?" असं ते आईला विचारायचे. आईने मालिका काढलेली नसल्यामुळे ती उठून टीव्ही बंद करायची.

चौऱ्याण्णव साली लायब्ररीत नोटीस लागली. नवीन मालिकेसाठी पोलाद कारखान्यात काम केलेले स्थानिक लोक हवेत, जुने कामाचे कपडे सोबत आणा. बाबांचा कोट तयारच होता. जाड काळी लोकर, खांद्यावर रेक्झिन, इथे याला डाँकी जॅकेट म्हणतात. डाव्या बाहीवर ठिणग्यांनी पडलेली भोकं. आईने ती कधी रफू केली नाहीत, कारण बाबा हात लावू द्यायचे नाहीत.

आता, आमच्याकडे चार लोकांत जायचं म्हणजे नीट कपड्यांत जायचं. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो सुटातला आहे तो उगाच नाही. आईने थ्री-पीस सुटाला कडक इस्त्री केली. मी म्हटलं, बाबा, बेकार माणसाचं काम आहे.

"बेकार होतो तेव्हा पण इस्त्री करूनच जायचो," ते म्हणाले.

कोट घडी घालून हातावर घेतला आणि गेलो. चर्चच्या हॉलमध्ये बाबांचे भट्टीवरचे जोडीदार कडूबाकाका आधीच बसले होते. त्यांनी आठवडाभर दाढी केली नव्हती आणि तव्याच्या बुडाची काजळी गालाला लावली होती. त्यांची निवड झाली. गर्दीत, दुःखी.

दिग्दर्शकाचं नाव टोबी. त्याची जीन्स दोन्ही गुडघ्यांवर फाटली होती, आणि हॉलमधला सगळ्यात गरीब माणूस तोच वाटत होता. त्याने कोट हातात घेतला, भोकांमधून बोट फिरवलं, आणि त्याचे डोळे भरून आले. खरा आहे का हा? बाबांनी सांगितलं, खरा आहे, भट्टीवरचा आहे, माझा आहे. टोबीने कोट छातीशी धरला. मग पहिल्यांदाच त्याने सुटाकडे बघितलं आणि आपलेपणाने विचारलं, तुमचं दुकान कुठे आहे?

बाबा म्हणाले, दुकान नाही. टोबी म्हणाला, हवंय का?

बाबांनी पुन्हा सगळं सांगितलं. कारखान्याचं नाव, फोरमनचं नाव. टोबी मान हलवत होता.

"माझा विश्वास आहे, भीम," तो म्हणाला. "प्रश्न प्रेक्षकांचा आहे."

अशा रीतीने कोटाला मुख्य भूमिका मिळाली. कोटाच्या आत ज्युलियन नावाचा, लंडनजवळच्या श्रीमंत सरे भागातला नट. तो महिनाभर न आंघोळता शहरातल्या सगळ्यात चांगल्या हॉटेलात राहत होता. बाबा दुकानदार झाले. गल्ल्यामागच्या भिंतीवर कसली तसबीर लावू म्हणून सेटवरच्या बाईने विचारलं, तेव्हा बाबांनी घरून बाबासाहेबांचा फोटो नेला. तिने चष्मा बघितला, टाय बघितला, आणि हे तुमच्या बँकेचे मॅनेजर का, असं विचारलं. शेवटी हत्तीचं कॅलेंडर लागलं.

सीन सोपा होता. उपाशी कामगार दुकानात येतो, पाव मागतो, दुकानदार दाराकडे बोट दाखवतो. बाबांना बोलायचं नव्हतं. पण कॅमेरा सुरू झाला आणि ज्युलियनला काहीतरी सुचलं. त्याने तोंडातली सिगारेट काढली आणि भूमिकेत खोल शिरत डाव्या बाहीवर विझवली.

खऱ्या भोकांच्या शेजारी एक खोटं भोक पडलं. बाबा गल्ल्यामागून बाहेर आले. त्यांचं इंग्रजी भट्टीवर शिकलेलं. मराठीत ते साधारण असं होईल:

"कोट माझा हाय, पोरा. काढ."

ज्युलियन कसलेला नट. तो गडबडला नाही. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्याने थरथरत कोट काढून दिला. बाबांनी तो तिथल्या तिथे सुटावर चढवला, बटणं लावली, आणि कॅमेऱ्याकडे सरळ बघितलं. टोबीने कट म्हटलंच नाही. म्हणायला तो शुद्धीवर नव्हता.

बाबा मात्र घरी खुशीत आले. कोट सेटवाल्यांनी परत घेतला होता, पण त्याचं काही नाही. "दिसलो कोटात," ते आईला म्हणाले. "आता कोण काय म्हणेल?"

मालिका लागली त्या रात्री आमच्याकडे सोफ्यावर, सोफ्याच्या हातांवर आणि जिन्यात माणसं. सीन आला. एक उपाशी बेकार गोरा पाव मागतो. गुबगुबीत, सुटातला दुकानदार त्याच्या अंगावरचा एकुलता एक कोट उतरवून घेतो, स्वतः घालतो आणि समाधानाने आपल्याकडे बघतो. बाहेर पाऊस. ज्युलियन शर्टात.

मग कडूबाकाका जिन्यातून म्हणाले, "भीमराव, माझं स्वेटर पण बघून ठेवा."

पेपरमध्ये आलं की या दशकातल्या हावरटपणाचा चेहरा अखेर सापडला. फोटो बाबांचा. बसमध्ये त्यांच्या शेजारी कोणी बसेना, आणि बसलंच तर कोटाची बटणं लावून. शाळेतल्या पोरांनी स्टाफरूमबाहेर पाटी चिकटवली: आपले कोट सांभाळा. गल्लीतली एक म्हातारी एका संध्याकाळी दार वाजवून, दुकानात विचारावं तसं, दूध आहे का विचारायला आली. आईने दिलं. नाही म्हटलं असतं तर अजून एक सीन झाला असता.

मालिकावाल्यांनी कोट परत दिला नाही, कारण तो आता शहराचा वारसा झाला होता. जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये संग्रहालय निघालं. बाबा तो बघायला गेले. सुटात, अर्थात. कोट काचेच्या पेटीत होता, आत छोटा दिवा, खाली पाटी: ज्युलियन यांनी परिधान केलेला, पोलाद कामगाराचा कोट. बाबा पेटीजवळ वाकले. पहारेकऱ्याने त्यांच्याकडे निरखून बघितलं, ओळखलं, आणि दोन पावलं मागे व्हायला सांगितलं. "या वेळी कोट मिळणार नाही," तो म्हणाला.

बाबांनी घरी येऊन मला लिहायला बसवलं. अर्ज त्यांचा, हस्ताक्षर माझं:

प्रति, माननीय संचालक. विषय: कोटाच्या आतील जागेबाबत. महोदय, आपल्या संग्रहालयातील काचेच्या पेटीत असलेला कोट सध्या रिकामा आहे. अर्जदार सदर कोटात अनेक वर्षे उभा राहिलेला असून त्यास त्या कामाचा अनुभव आहे. तरी अर्जदारास संग्रहालयाच्या वेळेत, सोमवारची सुट्टी व जेवणाची मधली वेळ वगळून, सदर कोट घालून सदर पेटीत उभे राहण्याची परवानगी मिळावी, व पाटीवरील नाव त्यानुसार बदलण्यात यावे, ही नम्र विनंती.