घागरीच्या पत्र्यावरचा समुद्र

चंद्रपूरच्या बाजारात शफीचं तसबिरींना चौकटी बसवायचं दुकान होतं. त्याच दुकानाच्या पायरीशी बसून त्याची बायको आबिदा वीस वर्षं लोकांच्या भांड्यांवर नावं कोरत आली होती. सत्त्याण्णव सालापर्यंत बाकीच्यांनी विजेची मशीनं घेतली. आबिदा मात्र अजून अब्बांनी शिकवल्याप्रमाणे छन्नीनंच कोरायची.

त्या वर्षी होळीनंतर भागीरथाबाई आल्या. धानोऱ्याकडच्या एका मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. तिथल्या परदेशी डॉक्टरीणबाईंनी जाताना दिलेल्या चित्राची चौकट वाळवीनं खाल्ली होती.

शफीनं खिळे उपटून चित्र मोकळं केलं. ढगांचं अंग असलेला देवदूत, तोंड सूर्यासारखं, पाय म्हणजे दोन पेटते खांब, एक समुद्रावर, एक जमिनीवर. समोर गुडघ्यांवर बसलेला माणूस चक्क पुस्तक तोंडात घालत होता.

"बाई, हा पुस्तक खाऊन राह्यला?" आबिदानं विचारलं.

"हो ना. जग संपायच्या वेळचं दर्शन आहे, बायबलातलं. देवदूत योहानाले म्हणते, हे खा. तोंडात गोड लागंन, पोटात कडू होईन. चित्र चारशे वर्षांच्या वरचं आहे म्हणे."

आबिदाचं बोट कागदावरून फिरत होतं आणि ते एकदम थांबलं. रेघा बोटाला लागत होत्या! चित्राच्या चारही बाजूंना ताटाच्या काठासारखी दाबल्याची खूण होती.

"अहो, हे हातानं काढलेलं नाई!" ती ओरडली. "तांब्यावर कोरून छापलेलं आहे!"

शफीला पटेना. तिनं त्याचं बोट धरून एका लाटेवर टेकवलं. "इथी कोरणाऱ्याची छन्नी घसरली, पाहा. अन् घसरल्या रेघेची त्यानं लाट करून टाकली. मी बी तेच करते ना!"

तिला हसू आवरेना. कुठल्याशा दूरच्या मुलखातल्या कारागिराची चूक तिनं पकडली होती.

बाई आठ दिवसांसाठी चित्र ठेवून गेल्या. आबिदानं फुटक्या घागरीचा चार बोटं रुंद तुकडा ठोकून सपाट केला, घासून आरशासारखा केला आणि त्यावर एक पेटता खांब अन् खालचा समुद्र कोरला. कोपऱ्यात सवयीनं स्वतःचं नाव घातलं. जवसाच्या तेलात काजळ घोटून रेघांत भरलं, वरचं पुसून काढलं आणि पत्रा घेऊन ती शेजारच्या खुशाल सोनाराकडे धावली. त्याच्याकडे पत्रा पातळ करायचं, दोन रुळांचं हातमशीन होतं.

पत्र्यावर कागद ठेवून खुशालनं मूठ फिरवली आणि दोन्ही रुळांमधून काढले. पहिला कागद जवळजवळ कोराच निघाला.

"रेघेत जाऊनच नाई राह्यला कागद," ती म्हणाली. "नरम पाहिजे." तिनं दुसरा कागद ओला करून टिपला. खुशालनं पुन्हा मूठ फिरवली. कागद उचलला तर समुद्र उठला होता, काळाभोर, जिवंत! पण नाव उलटं.

 मग आबिदानं कपाळावर हात मारला. "म्हणजे त्या कारागिरानं सगळं उलटं कोरलं होतं! पाय, ढग, पुस्तक, सगळं!"

दुसऱ्या तुकड्यावर सगळं नव्यानं कोरायला तिला पाच दिवस लागले. वीस वर्षं सरळ नावं घालणारा हात 'आ'चा काना डावीकडे न्यायला तयार नव्हता. दोनदा ती रडकुंडीला आली, पण उठली नाही.

भागीरथाबाई चौकट न्यायला आल्या तेव्हा दुकानात कोणीच नव्हतं. खुशालकडून गलका ऐकू येत होता. त्या तिकडे गेल्या. आबिदा ओला छाप दोन्ही हातांनी वर धरून उभी होती आणि शफी आता सरळ उठलेलं तिचं नाव मोठ्यानं वाचत होता.

बाईंनी चष्मा लावला. लाटांवरून, खांबावरून नजर फिरवली.

"काऊन वो, मले बोलावलं नाई?" त्या रागावूनच म्हणाल्या. पदर खोचला आणि खुशालला बाजूला सारलं. "सरक. आता मी फिरवते."