शेजारी पुरतं का?

प्रेमानंद सरांनी तक्ता वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला आणि चष्मा काढून रुमालानं पुसला. चष्मा मुळात स्वच्छच होता.

"पाण्यात पिंजारी गल्ली पहिली?"

"हो सर," प्रियदर्शनी म्हणाली. "चौदा घरं केली. चौदाही घरांनी 'पुरतं' असंच सांगितलं."

"आणि शिक्षक कॉलनी शेवटची."

"तिथं सगळ्यांनी तक्रार केली सर. एका काकांनी तर अर्धा तास दारात उभं केलं आणि वर विचारलं, तुमचे साहेब कधी येणार म्हणून."

सर हसले नाहीत. पिंजारी गल्ली कळमनुरीच्या चढावर आहे. नळाला पाणी सुटलं तरी तिथवर चढेपर्यंत त्याचा दम संपतो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण क्षेत्रभेटीत नुसतं ठाऊक असून भागत नाही, घरोघर विचारून लिहावं लागतं. एकाच गावातलं जीवनमान गल्लीगणिक कसं बदलतं, हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प होता. रस्ता, नाली, दिवाबत्ती, कचरा, पाणी, अशा एकेका गोष्टीला गुण द्यायचे. एरवी असले तक्ते फायलीत जातात आणि फाईल कपाटात जाते. यंदा मात्र सरांनी नगरपरिषदेत शब्द टाकला होता. उन्हाळ्यासाठी जादा टँकर एकच होता आणि पाण्यात सगळ्यांत खाली असलेल्या तीन वस्त्यांना तो मिळणार होता. तक्ता परवा सकाळी द्यायचा होता.

"म्हणजे टँकर कॉलनीत जाणार आणि गल्ली कोरडी राहणार," सर म्हणाले. "मला वाटतं म्हणून मी आकडा बदलू शकत नाही. तू पुन्हा एकदा जाऊन ये."

प्रियदर्शनी रोज आखाडा बाळापूरहून एसटीनं येई. प्रश्न विचारण्याची तिला भारी हौस. एसटीच्या कंडक्टरला तिकिटाच्या यंत्राची बॅटरी किती वेळ चालते हे विचारून तिनं भंडावून सोडलं होतं. अशा पोरीला चौदा घरांनी हसत हसत खोटं सांगावं, हे तिच्या जिवाला लागलं. आणि खोटं तरी का? टँकर नको असलेली गल्ली तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

दुपारी ती समरीनला घेऊन चढाला लागली. समरीन तिची वर्गातली मैत्रीण. प्रियदर्शनी विचारायची आणि समरीन लिहायची, अशी दोघींची वाटणी होती.

"मागच्या वेळी आपण पहिल्यांदा काय केलं गं?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"पाणी प्यालो. चौदा घरी. शेवटच्या तीन घरी तर माझ्याच्यानं उभं राहवत नव्हतं."

प्रियदर्शनी चढावरच थांबली. तिला आई आठवली. पाहुणे ओट्यावर बसलेले, घरात साखरेचा कण नाही, आणि आई मोठ्यानं "बसा, चहा ठेवते" म्हणत तिला वाटी देऊन मागच्या दारानं शेजारी पिटाळायची. त्या घटकेला कोणी साखरेची चौकशी करायला आलं असतं, तर आईनं पोतं भरलेलं आहे म्हणून सांगितलं असतं. पाहुण्याच्या ओठाला पेला लागलेला असताना आमच्याकडं पाणी नाही, असं कोण सांगणार?

"आज कोणाकडं पाणी प्यायचं नाही," तिनं ठरवून टाकलं.

पहिल्याच घरी जैनबबी दारात जुन्या गादीचा कापूस मोकळा करत बसली होती. मुलगा वारंग्याच्या फाट्यावर गाद्या भरायचा, नातवंडं तिच्यापाशी असायची. पोरींना पाहताच ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि ताटलीत दोन पेले घेऊन आली.

"नको आजी. तहान न्हाई," प्रियदर्शनी म्हणाली.

ताटली तशीच राहिली. "त्या दिवशी पेली व्हती की पोरी."

"आज नको."

जैनबबीनं आधी समरीनकडं पाहिलं, मग प्रियदर्शनीकडं. तिचा आवाज खाली गेला.

"घरी कोनी कायी म्हनलं का? त्यांच्या इथलं पानी काहून पेलीस म्हनून?"

प्रियदर्शनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. असा अर्थ निघेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं, आणि आता तोच अर्थ ताटलीवर बसून तिच्याकडं बघत होता. तिनं पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. तेवढ्यानं भागेल असं वाटेना, म्हणून घाईघाईनं म्हणाली, "अजून द्या आजी."

जैनबबीचा चेहरा खुलला. ती आत गेली. माठात पेला बुडल्याचा आवाज आला नाही, तळाला खरवडल्याचा आला. समरीन आढ्याकडं बघत बसली. ज्या घरात पाणी नाही हे सिद्ध करायला आलो, तिथलंच दुसरं पेलाभर पाणी प्रियदर्शनीनं प्यायलं. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आता 'तुम्हाला पाणी पुरतं का' हे विचारण्यात काही अर्थ उरला नव्हता. उत्तर तिच्या पोटात होतं. तिची नजर भिंतीपलीकडच्या दाराकडं गेली.

"आजी, तिकडं चतुराबाईंना पुरतं का हो पाणी?"

जैनबबीनं मागंपुढं पाहिलं आणि सरकून जवळ बसली.

"तिचं नको इचारू बेटा. गुडघे गेलेत बिचारीचे, तरी हातपंपावरून कळशी आनती. लुगडं आठ दिवसाला धुती. मला सांगती, येळ न्हाई भेटला म्हनून. मला काय कळत न्हाई व्हय? दिवसाला एक घागर, जास्तीत जास्त. लिही, बराबर लिही. फक्त माजं नाव घेऊ नको, तिला तकलीफ वाटंल."

"आणि तुमचं?"

"माजं काय? मला पुरतं की."

समरीनचं पेन भराभर चालू लागलं. शेजारी गेल्यावर चतुराबाईनंही आधी पाणी दिलं. प्रियदर्शनी निमूट प्यायली आणि मग जैनबबीचं विचारलं.

"आमाला काय, आमाला भरपूर हाय," चतुराबाई म्हणाली. "जैनबबीचे हाल बघवत न्हाईत बाई. तीन लेकरं अन् दोन घागरी. नमाजाआदी हातपाय धुवायला तांब्याभर पानी घेती, तेबी पुरवून पुरवून. धाकट्याला अंगूळ घालती तवा तेच पानी खाली बादलीत धरती अन् फरशी पुसती. जिवंत हाय तवर सांगायची न्हाई ती. मी सांगितलं म्हनून बोलू नका हं."

मग गल्लीला वाचाच फुटली. तिसऱ्या घरानं चौथ्याचं सांगितलं, चौथ्यानं पाचव्याचं. कोणाकडं किती घागरी, कोण कधी हातपंपावर जातं, कोणाच्या लेकरांनी पाण्यापायी शाळा बुडवली, सगळं चोख. प्रत्येक घरी स्वतःचं तेवढं भरपूर होतं.

दुसऱ्या दिवशी दोघींनी बाकीच्या वस्त्याही नव्या प्रश्नानं पुन्हा केल्या, सकाळी पहिली शिक्षक कॉलनी. एका ठिकाणी एक प्रश्न आणि दुसरीकडं दुसरा, हे सरांना चाललं नसतं. तक्रारवाल्या काकांना तिनं शेजाऱ्यांचं विचारलं.

"त्यांना? त्यांना कसली टंचाई! दोनशे फूट बोअर आहे त्यांची. रोज गाडी धुतात, रस्त्यावर चिखल करतात."

शेजाऱ्यांनी काकांच्या गच्चीवरच्या दोन टाक्या बोटानं दाखवल्या. एक टाकी वाहत होती.

संध्याकाळी सरांनी नवा तक्ता वाचला. या वेळी चष्मा पुसला नाही.

"प्रश्न बदललास?"

"हो सर. 'तुम्हाला पुरतं का' काढलं. 'शेजारी पुरतं का' घातलं."

"ही पद्धत पुस्तकात नाही."

"माहीत आहे सर."

सरांनी तक्ता पुन्हा एकदा खालून वर वाचला. मग खिशातून पेन काढून त्यांनी तक्त्याखाली सही केली.

पुढच्या आठवड्यात टँकर पिंजारी गल्लीत चढला. प्रियदर्शनीला कॉलेजात बातमी लागली आणि पहिला तास बुडवून ती तिकडं पळाली. वरपर्यंत घागरींची रांग लागली होती. टँकरचा पाइप मोकळा लोंबत होता आणि त्याखाली एकही घागर नव्हती.

"तू भर आदी," जैनबबी म्हणत होती.

"मला घाई न्हाई. तू भर, लेकरं हायेत तुजी," चतुराबाई म्हणत होती.

प्रियदर्शनीला पाहून जैनबबी तिच्या कानाशी आली. "तिच्यापायी आलाय टँकर. मी आपली सोबत म्हनून हुबी हाय." ती सरकताच दुसऱ्या बाजूनं चतुराबाई आली. "जैनबबीपायी आनला ना तुमी? लई चांगलं केलं. मला कुठं लागतंय एवढं."

मागच्या बाया खोळंबल्या होत्या, पण या दोघींना ओलांडून पुढं व्हायला कोणी धजत नव्हतं. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"आवो, भरा की कोनीतरी! अजून दोन वस्त्या करायच्या हायेत मला."

त्यानं कॉक फिरवला. पाइपातून पाणी धो धो सुटलं आणि उतारावरून धावू लागलं. प्रियदर्शनीनं वाकून हाताशी आलेली पहिली घागर उचलली आणि धारेखाली ढकलली. ती कोणाची, हे तिनं विचारलं नाही.