बोटभर सूट

मूल नाही म्हणजे घर रिकामं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा काकूच्या घरी यावं आणि बसायला जागा शोधून दाखवावी. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, शेजारी कापडाचे तागे, भिंतीला टेकवलेले पडद्यांचे दांडे आणि जमिनीवर कायम कुठल्या ना कुठल्या गिऱ्हाइकाचा पडदा पसरलेला. आतल्या खोलीत पलंग, कपाट, कोपऱ्यात स्वयंपाक आणि त्याच्यामागे न्हाणीघर. दोन खोल्यांच्या मधे दार असं नव्हतंच, नुसती चौकट होती आणि तिला लावलेला पडदा. नवरा-बायको मिळून गावभरच्या खिडक्या झाकायचे आणि उरलेल्या वेळात एकमेकांशी भांडायचे. बरं चाललं होतं त्यांचं.

पण सासरच्या माणसांना हेच घर रिकामं दिसलं. धाकटा दीर आणि त्याची बायको एकाच अपघातात गेली. मागे मुलगी राहिली. तिचे पाय जन्मापासून चालत नव्हते, ती चाकांच्या खुर्चीत असायची. आधी थोरल्या दिरांनी तिला आपल्याकडे नेलं. चार लोकांत वाहवा झाली, आणि वाहवा ओसरल्यावर त्यांना घरातला जिना आठवला. मग नणंदेने नेलं. तिला काही दिवसांनी आपल्या फरशीचा गुळगुळीतपणा आठवला. खुर्ची घसरली तर केवढ्याला पडेल! शेवटी सगळे मिळून काकूच्या दारात उभे राहिले.

"तुम्हाला काय बाई, मागे-पुढे कोणी नाही," थोरली जाऊ म्हणाली.

काकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागे-पुढे कोणी नाही म्हणे! म्हणजे ज्याला कोणी नाही त्याच्या दारात वाटेल ते आणून ठेवावं? जिना त्यांचा, फरशी त्यांची, आणि पोर मात्र हिच्या गळ्यात. तिने तोंडावर सांगितलं, "मला जमणार नाही. साधा दोरा तुटला तरी माझं डोकं फिरतं, मी कसली पोर सांभाळतेय?" नवऱ्याने नेहमीप्रमाणे मूग गिळले. त्याला तरी कुठे हवी होती? पण थोरल्या भावापुढे नाही म्हणायची त्याची उभ्या जन्मात छाती झाली नव्हती. शेवटी असं ठरलं की अशा मुलांसाठी गावाबाहेर जी संस्था आहे तिथे जागा होईपर्यंत मुलीने इथे राहायचं. तेवढ्यापुरतंच.

ती यायच्या आदल्या दिवशी काकाने मधल्या चौकटीचं माप घेतलं. गळ्यात कायम टेप, कानावर पेन्सिल. 'माझा पडदा आजवर परत आलेला नाही,' हे त्याचं पालुपद. गिऱ्हाईक कितीही किरकिरं असो, काकाच्या मापापुढे त्याची बोलती बंद. तो चौकटीपाशी वाकला, टेप ताणली, पुटपुटला आणि मग थोरल्यांनी फोनवर सांगितलेल्या खुर्चीच्या रुंदीशी हिशेब जुळवून म्हणाला, "जात नाही. थोडक्यासाठी अडतेय."

काका जात नाही म्हणाला म्हणजे जात नाही. त्यावर अपील नव्हतं.

तेव्हा खुर्ची पुढच्या खोलीत राहिली. आत जायचं झालं की काकू मुलीला काखेत हात घालून उचलायची आणि न्हाणीघरापर्यंत न्यायची. मुलगी तशी लहान चणीची, पण दिवसातून इतक्या वेळा उचलायचं म्हणजे थट्टा नाही. काकूच्या कंबरेचा काटा ढिला झाला. आणि दर खेपेला ती पोर कानाशी हळूच म्हणायची, "सॉरी काकू."

"सॉरी कसलं? माझी बशी फोडलीस का तू?" काकू खेकसायची.

"नाही काकू. सॉरी."

तिच्या बापाने तिचं नाव मिरी ठेवलं होतं. दिसायला एवढीशी पण तिखट, असं तो कौतुकाने सांगायचा. कसली मिरी आणि कसलं तिखट! वाढलं तेवढं खायची, भूक आहे का विचारलं तर नाही म्हणायची, मशीनखालचे दोरे आपणहून गोळा करून ठेवायची. या वयाच्या पोरीने हट्ट करावा, नाक मुरडावं, उलट बोलावं. ही आपली पाहुण्यासारखी खुर्चीच्या काठावर. काकूला त्याची चीड यायची, आणि नेमकी कुणाची चीड येतेय ते कळायचं नाही म्हणून जास्तच यायची.

त्यात शेजारणी. एक आली आणि हात जोडून म्हणाली, "देवमाणसं हो तुम्ही." काकूच्या मनात आलं, हिच्या डोक्यावर एखादा दांडा घालावा. दुसरीने मिरीकडे बोट करून, मिरीच्या समोर, विचारलं, "हिला कळतं का हो सगळं?"

"तिला सगळं कळतं," काकू म्हणाली. "तुमच्याबद्दल मी काही सांगू शकत नाही."

ती बाई फणकाऱ्याने निघून गेली. मिरीने मान वर करून काकूकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

मग थोरल्यांचा फोन आला. संस्थेत जागा झाली होती. ते उद्या तिथल्या बाईंना घेऊन येणार होते. काकाने हे मिरीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं काका." बस्स, एवढंच.

त्याच दिवशी एका गिऱ्हाइकाकडे पडदे लावायचे होते. मिरीच्या हाताशी पाणी, खाऊ आणि फोन ठेवून दोघं निघाले. तिथे पोचल्यावर लक्षात आलं, हुकांची पिशवी घरीच राहिली. काका शिडीवर चढलेला, तेव्हा काकूच बडबडत परत आली.

दार उघडलं आणि आतून आवाज आला.

"ए जाड्या! सरक तिकडे. ही काय तुझ्या बापाची खिडकी आहे? बघतोस काय डोळे वटारून? उचलून आपटीन हं!"

काकू चपापली. कुणाची तरी आगाऊ कार्टी घरात घुसली, असंच वाटलं तिला. तिने मधला पडदा सारला. आतल्या खोलीत खिडकीशी मिरी होती, गजाबाहेरच्या कबुतराला बोट नाचवून दम देत होती. आणि ती खुर्चीत होती.

मिरीने वळून पाहिलं आणि तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. "जाते काकू, लगेच जाते बाहेर," म्हणत तिने खुर्ची वळवली, कोपरं अंगाशी घेतली आणि चौकटीतून सुळकन पुढच्या खोलीत गेली. कुठे घासली नाही, कुठे अडली नाही.

"थांब," काकू म्हणाली. "परत आत ये."

"सॉरी काकू..."

"आत ये म्हणते ना!"

मिरी आत आली.

"आता बाहेर जा."

मिरी बाहेर गेली. चाक आणि चौकट यांच्यामधे दोन्ही बाजूंना जेमतेम बोट जाईल एवढी फट राहत होती. काकूने त्यात बोट घालून पाहिलं.

"कधीपासून?"

"आल्यापासूनच. तुम्ही दोघं बाहेर गेलात की. आत उजेड छान असतो."

"मग बोलली का नाहीस? रोज तुला उचलून माझी कंबर मोडली, आणि तू सॉरी सॉरी करत बसलीस?"

मिरी चाकाला गुंडाळलेला दोरा सोडवत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "मोठ्या काकांकडे खालच्या मजल्यावर पण खोली होती. तिथे व्यायामाचं मशीन होतं. आत्याकडे माझी खुर्ची एकदासुद्धा घसरली नाही. मी सांगितलं असतं की मी जाते दारातून, तर तुम्हाला दुसरं काहीतरी शोधायला लागलं असतं."

काकू कापडाच्या ताग्यावर मटकन बसली. एवढ्याशा पोरीने हे शिकावं? कुणी शिकवलं तिला हे? सगळ्यांनी मिळून शिकवलं! घराघरातून फिरवून, गोड बोलून, डोक्यावरून हात फिरवत शिकवलं. तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी संताप आला.

फटीतलं ते बोट तिला आठवत राहिलं, आणि मग एकदम उलगडा झाला. चौकटीच्या आत बसतात ते गुंडाळीचे पडदे कापताना दोन्ही बाजूंना बोटभर सूट सोडावी लागते. पुऱ्या मापाचा पडदा कापला तर तो कडेला घासतो. काका इतकी वर्षं प्रत्येक चौकटीतून ती सूट वजा करत आला होता. या चौकटीतूनही त्याने ती वजा केली होती. पडदा लावायचाय की पोर आत घ्यायचीय, हे त्याच्या हाताने विचारलंच नव्हतं.

ती हुक घेऊन तरातरा गिऱ्हाइकाकडे गेली. काका शिडीवर होता. घरमालकीण खाली उभी राहून सूचना देत होती.

"हुक आणलेस?"

"हुक गेले खड्ड्यात. खाली उतरा. मधल्या चौकटीला सूट सोडलीत तुम्ही?"

काकाचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला.  मनातल्या मनात त्याने तो हिशेब पुन्हा केला असणार, कारण त्याचा चेहरा उतरला. "सवयीने गेली असेल," तो पुटपुटला.

"सवय तुमच्या हाताची. पण सोय कुणाची झाली?"

घरमालकिणीने काहीतरी काम आठवल्यासारखं केलं आणि आत गेली. काका शिडीवरून उतरला आणि हळू आवाजात म्हणाला, "तूही कधी खुर्ची ढकलून पाहिली नाहीस."

हे खरं होतं. एकदा ढकलून पाहायला कितीसा वेळ लागला असता?  काकू म्हणाली, "नाही पाहिली. मलाही पोर नकोच होती. पण आता ऐका. उद्या भाऊजी येतील. तुम्हाला ती नको असेल तर तिच्या तोंडावर नको म्हणा. चौकटीच्या आड लपायचं नाही. आणि मला विचाराल तर मला हवीय. आज ती कबुतराला शिव्या घालत होती, तुम्ही ऐकायला हवं होतं."

 त्या दिवशी काकाने प्रत्येक खिडकी पुन्हा मोजली.

दुसऱ्या दिवशी थोरले आले. सोबत संस्थेच्या बाई, दमलेल्या, सरळ चेहऱ्याच्या. थोरल्यांनी बसल्या बसल्या साखरपेरणी सुरू केली. "माझ्या भावाने फार केलं हो. पण घरच एवढंसं, त्याला तो तरी काय करणार?" मिरी आपल्या बॅगेशेजारी बसली होती. काकूने दातांखाली जीभ धरून ठेवली. आज तिला नवऱ्याचं वकीलपत्र घ्यायचं नव्हतं.

"म्हणजे प्रश्न फक्त जागेचाच आहे ना?" बाईंनी काकाला विचारलं.

काकाने घसा साफ केला. "जागेचा नाही. माप चुकलं माझं."

"तुझं माप?" थोरले हसले. "काहीतरीच काय बोलतोस!"

"चुकलं दादा. पडद्याला सूट सोडतात, माणसाला नाही. खुर्ची जाते. ती इथे राहणार."

थोरल्यांचं हसू मावळलं. भावाने आपल्याला नाही म्हटलंय हे त्यांच्या गळी उतरेना. मग त्यांचा आवाज समजुतीचा झाला. "अरे, भावनेच्या भरात बोलू नकोस. पोर वाढत्या वयाची. आणखी वर्षाने मोठी खुर्ची लागेल. ती जाईल का या दारातून? तेव्हा काय करशील?"

प्रश्न खरा होता. मोठी खुर्ची गेली नसती. मिरीने काकाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. दुसरं काहीतरी शोधलं जाणार हे ती धरूनच बसली होती, आणि ते सापडलं होतं.

काका उठला. मधल्या चौकटीपाशी गेला. बोटाच्या पेराने त्याने भिंतीवर ठकठक केलं, कान लावला, थोडं बाजूला पुन्हा ठकठक केलं.

"वीट आहे," तो म्हणाला. "चौकट काढायची आणि भिंत फोडायची. त्यात काय आहे?"

काकूला आता राहवलं नाही. "भाऊजी, भिंत फुटेल तेव्हा घरभर धूळ होईल. तेवढे दिवस आम्ही तिघं तुमच्याकडे येऊ म्हणते. खालच्या खोलीतलं ते व्यायामाचं मशीन तेवढं हलवून ठेवा."

थोरल्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. संस्थेच्या बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. जाताना त्या मिरीला म्हणाल्या, "मी येईन अधूनमधून. तुला विचारायला, यांना नाही."

ते गेले.  मिरीची बॅग दारातच होती. ती काकूने उचलली आणि आत नेऊन कपाटात कोंबली.

"भिंत फोडायच्या आधी माप घ्यायला लागेल ना?" मिरीने विचारलं.

"लागेल तर," काका म्हणाला. "घेतो की मी."

"नको," मिरी म्हणाली. तिने चाकं ढकलली, चौकटीच्या मधोमध येऊन थांबली आणि हात पुढे केला. "तुम्ही टेप द्या इकडे. मी घेते."