चिखलदऱ्याला टिकणारं बाकडं

अकोल्याचे चंद्रभानजी खुर्चीत अडकले तो श्रावणातला रविवार होता. चिखलदऱ्याला ढग थेट अंगणात उतरले होते, समोरची दरी कुठे गेली ते कळत नव्हतं, आणि चंद्रभानजी गरम भजी खात अगदी मजेत बसले होते. गृहस्थ चांगले भरदार. आणखी एक भजं उचलायला ते पुढे वाकले आणि वेताच्या खुर्चीची बैठक फस्सकन खाली गेली. चौकट मात्र शाबूत राहिली. त्या चौकटीत चंद्रभानजी कमरेपर्यंत रुतले. उठायला गेले तर खुर्चीही त्यांच्यासोबत उठली.

त्यांच्या बायकोने, रुख्मिणीबाईंनी, पदर तोंडाला लावला आणि त्या जे हसत सुटल्या ते थांबेनात.

"अवं, हसून काय राह्यली? ओढ ना मले!"

"मी काय ओढू? माह्यानं उभंच राहवत नाई!"

शेवटी पौर्णिमाने पाहुण्यांचे हात धरले, तिच्या सासऱ्यांनी खुर्चीचे पाय धरले आणि दोघांनी मिळून चंद्रभानजींना मोकळं केलं. पौर्णिमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घर तिचं, पाहुणे तिचे, खुर्ची तिनेच हौसेने आणलेली. ती माफी मागू लागली तर चंद्रभानजीच तिची समजूत काढायला लागले.

"चहा एक नंबर आहे बाई तुमचा. पन फर्निचर बदला. आमच्या अकोल्यात जुन्या शहरात माणिकबाई म्हणून आहेत, जुन्या लाकडाचं काम करतात. त्यांच्याकडे एक डाव जाऊन या."

पाहुणे गेल्यावर पौर्णिमाने अंगणातल्या एकेका वस्तूकडे नीट पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं असं तिला वाटलं. वेताच्या खुर्च्यांना खालून हिरवट बुरशी धरली होती. लोखंडी खुर्च्यांचा पांढरा रंग पोपडे धरून सुटला होता आणि आतून गंज डोकावत होता. मागच्याच आठवड्यात एका नागपूरच्या बाईंच्या साडीला त्याचा डाग लागला होता. प्लायचं टेबल फुगून बसलं होतं. गाद्यांना तर असा वास येत होता की त्या तिने तिथल्या तिथे गुंडाळून बाजूला टाकल्या.

तिने नवऱ्याला, श्यामला, फोन लावला. तो खाली शेंदूरजनाघाटला संत्र्याचा बगीचा सांभाळत होता.

"प्लास्टिकच्या आण," श्याम म्हणाला. "धुतल्या की झालं."

"मागच्या वादळात त्यातली एक दरीत गेली, इसरले का तुमी? आणि लोक एवढा घाट चढून प्लास्टिकवर बसाले येतात का?"

श्यामने विषय बदलला, "बाबा काय करून राह्यले?"

पौर्णिमाने खिडकीतून पाहिलं. मामाजी भर पावसात फावडं घेऊन अंगणात नाली खणत होते.

सासऱ्यांना, म्हणजे गोवर्धनभाऊंना, ती मामाजी म्हणायची. सारी हयात त्यांनी संत्र्याच्या झाडांमध्ये काढली होती. बगीचा श्यामच्या हाती दिला खरा, पण हात काढून घेतला नाही. पाणी किती द्यायचं, कधी तोडायचं, यावरून बापलेकाचं रोज वाजायचं. म्हणून श्यामने एक दिवस त्यांना "पौर्णिमाले वर मदत पाहिजे" असं सांगून चिखलदऱ्याला पाठवून दिलं. वर चार खोल्यांचं घर होतं, पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांसाठी बांधलेलं. बगीचा नव्हता. मामाजी मग कुंपण बांधायचे, दगड रचायचे, रचलेले दगड उचलून दुसरीकडे नेऊन रचायचे. बसायचे मात्र नाहीत. चहासुद्धा उभ्यानेच. त्यांना पाहून पौर्णिमाचेच पाय दुखायचे. या माणसाने कधीतरी टेकावं, असं तिला फार वाटे, पण सासऱ्याला 'बसा' म्हणून किती वेळा सांगणार?

दोन दिवस पाहुणे घ्यायचे नाहीत असं ठरवून ती खरेदीला निघाली. मामाजींना घरी एकटं ठेवलं असतं तर परत येईपर्यंत अंगणात विहीर खणून झाली असती, म्हणून त्यांनाही सोबत घेतलं. निघताना तिने फ्रिजवरचा संत्र्याच्या आकाराचा चुंबक काढून पर्समध्ये टाकला.

"हे कायले?" मामाजींनी विचारलं.

"दुकानदार ॲल्युमिनियम म्हणून लोखंड गळ्यात मारतात. लोखंडाले हा चिकटते."

मामाजींनी मान डोलावली आणि आपली पाण्याची बाटली काठोकाठ भरून घेतली.

अमरावतीचं दुकान झकपक होतं. विक्रीवाला शिवम नावाचा तरतरीत मुलगा होता. त्याने एक तपकिरी सोफा पुढे केला. वेत दिसायला खरा, पण प्लास्टिकचा. "मॅडम, याला पाऊस लागतच नाही. बिनधास्त बाहेर ठेवा."

पौर्णिमाने वेताच्या विणीतून चुंबक आत सरकवला. खट्. आतली चौकट लोखंडाची होती.

"पाऊस वेताले नाई लागत भाऊ, पन आत तर जाईल ना," ती म्हणाली. "चिखलदऱ्याले चार महिने वाळतच नाई काही."

शिवमने दुसरी खुर्ची दाखवली. तिला चुंबक चिकटला नाही. पौर्णिमा खूश झाली. वजनाला हलकी, बैठक जाळीची, पाणी धरणार नाही अशी. ती भाव विचारणार, एवढ्यात शिवम पलीकडे पाहून किंचाळला.

"काकाजी! काकाजी, हे काय करून राहिले?"

मामाजींनी एका भारीतल्या लाकडी खुर्चीच्या सपाट बैठकीवर बाटली उपडी केली होती आणि कमरेवर हात ठेवून ते पाणी कुठे जातं ते पाहत उभे होते. पाणी कुठेच गेलं नाही. मधोमध छान तळं साचलं.

"पाह्य बाप्पा," मामाजी म्हणाले. "थांबलं. पानी थांबलं का झाड मेलं. बुडाले पानी राह्यलं का डिंक्या रोग लागते, साल सडते. खुर्चीचंबी तसंच."

"काकाजी, हे झाड नाही, खुर्ची आहे!"

"झाडाचीच हाये ना?"

शिवम पोछा आणायला धावला. पौर्णिमाने ओशाळून पदराने खुर्ची पुसली, जाळीच्या सहा खुर्च्या आणि दोन टेबलं तिथेच नक्की केली, आणि मामाजी दुसऱ्या खुर्चीकडे वळायच्या आत त्यांना दुकानाबाहेर काढलं. रस्त्यावर आल्यावर मात्र तिला हसू आवरेना. मामाजींना काय झालं ते कळलं नाही. ते आपले रिकामी बाटली कुठे भरून मिळेल ते शोधत होते.

दुसऱ्या दिवशी ती दोघं अकोल्याला पोचली. माणिकबाईंचं दुकान म्हणजे एक लांबलचक शेड होती, आत जुन्या जिनिंग कारखान्याच्या छपरातून काढलेल्या सागवानी तुळया रचलेल्या. माणिकबाई साठीच्या, उंच, आणि रंध्याच्या आवाजावर मात करायची सवय असल्यामुळे कायम मोठ्याने बोलणाऱ्या.

"चंद्रभानजींनी पाठवलं? खुर्चीत अडकलेल्या चंद्रभानजींनी?" त्या खदखदून हसल्या. "रुख्मिणी साऱ्या गल्लीत सांगून राह्यली!"

पौर्णिमाचा चेहरा पडला. माणिकबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "अवं, तुमची जाहिरात झाली. अर्धी गल्ली तिकडे यायचं म्हणते."

पौर्णिमाला अंगणासाठी बाकडी हवी होती. माणिकबाई नमुने दाखवू लागल्या. फळ्यांमध्ये बोटभर फट, म्हणजे पाणी निथळून जातं. स्क्रू पितळेचे नाहीतर स्टीलचे, कारण लोखंडाचा स्क्रू सागवानाला काळे डाग पाडतो. पौर्णिमा एकेक विचारत होती, पायांना ओल चढते त्याचं काय, जमीन उताराची आहे त्याचं काय. पायांखाली दगड ठेवू, असं दोघींनी मिळून ठरवलं. पॉलिश मात्र माणिकबाईंनी साफ नाकारलं.

"पॉलिश कराल तर पह्यल्याच पावसाळ्यात पापडासारखं सुटन. लाकडाले तसंच राहू द्या, राखेसारखा रंग येईल. तो आला म्हणजे बिघडलं असं नाई."

पौर्णिमाला ते पटेना. राखाडी फर्निचर म्हणजे जुनाट दिसणार, लोक नाकं मुरडणार.

"दारात माह्यं बाकडं पडलं आहे ना," माणिकबाई म्हणाल्या. "लग्न होऊन आली तेव्हापासून तिथंच आहे. ऊन, पाणी, सारं झालं. चला, दाखवते."

त्या दाराशी आल्या आणि दोघीही थबकल्या.

बाकड्यावर मामाजी होते. पाठ टेकलेली, पाय लांब केलेले, टोपी नाकावर आलेली. छाती संथ वर-खाली होत होती आणि घशातून बारीकसा आवाज येत होता.

पौर्णिमाला आधी काही समजेना. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून तिने मामाजींना दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. तापातसुद्धा ते अंथरुणातून उठून गोठ्यात जायचे. ती दोन पावलं बाजूला गेली आणि तिने हळू आवाजात श्यामला फोन लावला.

"अहो, मामाजी झोपले."

"कुठं?"

"अकोल्याले. दुकानात."

"दुकानात? चक्कर आली का त्याईले? दवाखान्यात ने ना! मी निघतो आत्ताच!"

"चक्कर नाई. झोपले. घोरून राह्यले."

"मले ऐकव," श्याम म्हणाला.

पौर्णिमाने फोन बाकड्याजवळ धरला. तिकडे श्याम ऐकत राहिला. माणिकबाईंनी कामगारांना हातानेच रंधा थांबवायला सांगितलं. एवढ्या मोठ्या शेडमध्ये तेवढाच एक घोरण्याचा आवाज उरला. आयुष्यभर मोठ्याने बोललेल्या माणिकबाई आता पौर्णिमाच्या कानाशी येऊन कुजबुजत होत्या. त्यांनी बाकड्याच्या खालच्या बाजूला पटाशीने हलकंसं खरवडून दाखवलं. राखाडी कातडीखाली लाकूड मधासारखं सोनेरी होतं. पौर्णिमाने त्या जागेवर बोट फिरवलं. तिची शंका फिटली.

"असेच द्या दोन," ती म्हणाली. "याच मापाचे. पाठ अशीच तिरपी पाहिजे."

मामाजी जागे झाले तेव्हा समोर चहा आला होता. त्यांनी टोपी सरळ केली आणि सगळ्यांकडे रागाने पाहिलं.

"झोपलो नोतो मी. लाकूड तपासून राह्यलो होतो."

"मंग? कसं आहे लाकूड?" माणिकबाईंनी विचारलं.

"बरं आहे," मामाजी म्हणाले, आणि चहा त्यांनी बसूनच घेतला.

दिवाळीच्या आधी बाकडी चिखलदऱ्याला आली. जाळीच्या खुर्च्या त्यांच्याआधी येऊन पडल्या होत्या आणि पौर्णिमाची एक चूक तिच्या लक्षात आलेली होती. त्या गंजणार नाहीत, बुरशी धरणार नाहीत, हे सारं खरं. पण वानरांचा तिने विचार केला नव्हता. हलक्या खुर्च्या फरशीवर ओढल्या की मस्त आवाज होतो, हा शोध एका वानराला लागला आणि मग रोज पहाटे टोळीच्या टोळी खुर्च्या ओढायला यायची. पाहुणे दचकून उठायचे. शेवटी संध्याकाळी साऱ्या खुर्च्या एकमेकींना साखळीने बांधून ठेवायची पद्धत पडली. बाकडी वानरांना हलली नाहीत. वानरं नुसतीच त्यांच्यावर बसून उवा वेचायची.

पुढचा पावसाळा आला, ढग पुन्हा अंगणात उतरले. बाकड्यांचा सोनेरी रंग उतरू लागला आणि त्यावर राखाडी झाक आली. मामाजी दगड रचायचे, पण आता रचलेले उचलायचे नाहीत. जेवणानंतर ते दरीकडच्या बाकड्यावर जायचे आणि लाकूड तपासायचे. तपासणी कधी कधी चहाच्या वेळेपर्यंत चाले. पाहुण्यांना ती जागा हवी असायची, पण म्हातारबाबांना उठवायचा कुणाला धीर होत नसे. चंद्रभानजी आणि रुख्मिणीबाई यंदा गल्लीतली माणसं घेऊन आले, तर बसायला जागा पुरेना. पौर्णिमाने माणिकबाईंना फोन करून आणखी एक बाकडं सांगितलं.

जुलैच्या शेवटी श्याम वर आला. बगीच्याची काही गोष्ट बापाच्या कानावर घालायची होती, आणि वाद होणार हे धरूनच तो आला होता. घाटभर त्याने काय काय बोलायचं ते मनात मांडलं होतं. पौर्णिमाने त्याला नुसतं बोटाने दरीकडे दाखवलं.

मामाजी बाकड्यावर होते, जागे होते. श्याम जाऊन दुसऱ्या टोकाला बसला. दोघांमध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. पौर्णिमा स्वयंपाकघरातून कान देऊन होती. आता आवाज चढतील, मग आपल्याला मध्ये पडावं लागेल, असं तिला वाटत होतं. पण बाहेरून काहीच ऐकू येईना. तिने चहा केला, आलं जरा जास्तच घातलं आणि तीन कप घेऊन बाहेर आली.

दोघं आता शेजारी सरकून धुक्याकडे पाहत होते. श्यामने चपला काढून पाय वर घेतले होते.

"बोलणं झालं?" तिने विचारलं.

"होईन," श्याम म्हणाला. "काय घाई आहे?"

मामाजींनी कप घेतला. पौर्णिमा हातातला ट्रे सांभाळत त्या दोघांसमोर उभी राहिली.

"सरका जरा," ती म्हणाली.

दोघेही दोन टोकांना सरकले आणि ती मध्ये बसली.